गाडीतील गरम होणारी सीट: ती कशी चालते, कशी वापरावी आणि कशी जपावी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणाऱ्या माणसाला गाडीची सीट गरम करणाऱ्या बटणाची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे हिवाळ्यातल्या पहाटेही पारा बहुधा 15 ते 20 अंशांच्या दरम्यान राहतो आणि वर्षाचे उरलेले महिने घाम पुसण्यात जातात. तरीही हे बटण आपल्या गाड्यांत येऊ लागले आहे. 2023 साली आलेल्या नव्या ह्युंदाई व्हर्नाच्या वरच्या श्रेणीत पुढच्या सीटमध्ये हवा खेळवण्याची आणि सीट गरम करण्याची, अशा दोन्ही सोयी एकत्र मिळाल्या, आणि परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांत तर त्या आधीपासूनच होत्या. गाडी घेताना या सोयीचे पैसे किमतीत गेलेलेच असतात. ती कशी चालते हे समजून घेतले, तर ती केव्हा उपयोगी पडते, केव्हा अपायकारक ठरू शकते आणि कशामुळे लवकर बिघडते, हे प्रत्येकाला आपले आपण ठरवता येते.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करावी, कारण पुढच्या बहुतेक सूचना तिच्यातूनच निघतात. ही उष्णता एका बारीक तारेतून येते, आणि त्या तारेवर आपण आपले सगळे वजन टाकून बसलेलो असतो.

सीटच्या आत काय असते

सीटचे वरचे आवरण, म्हणजे लेदर, रेक्झिन किंवा कापड, आणि खालचा फोम यांच्यामध्ये एक पातळ चटई बसवलेली असते. या चटईत रोध (म्हणजे वीजप्रवाहाला होणारा अडथळा) असलेली तार नागमोडी वळणांनी शिवलेली किंवा चिकटवलेली असते. काही गाड्यांत धातूच्या तारेऐवजी कार्बन तंतूंचे पट्टे वापरतात. अशी एक चटई बैठकीत असते आणि दुसरी पाठीच्या भागात. तारेतून वीज गेली की तार तापते, आणि ती आवरणाच्या अगदी खाली असल्यामुळे उष्णता थेट अंगापर्यंत पोहोचते. तत्त्व इस्त्रीचेच आहे. फरक इतकाच की इथे काम फार कमी वॉटमध्ये आणि फार कमी तापमानात चालते.

आकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. समजा, एका सीटच्या दोन्ही चटयांचा मिळून रोध 3 ओहम आहे. इंजिन चालू असताना गाडीच्या वीजपुरवठ्याचा दाब साधारण 14 व्होल्ट असतो. अशा वेळी चटईतून सुमारे 4.7 अँपिअर प्रवाह जातो आणि सुमारे 65 वॉट उष्णता निर्माण होते. इंजिन बंद असेल आणि वीज केवळ बॅटरीतून येत असेल, तर दाब 12 व्होल्टच्या आसपास उतरतो आणि तीच चटई 48 वॉटच देते. प्रत्यक्षात गाडीगाडीनुसार ही शक्ती साधारण 50 ते 100 वॉटच्या दरम्यान असते. इतक्या कमी शक्तीत काम भागते, कारण इथे केबिनमधली सगळी हवा तापवायची नसते. अंगाला टेकलेला पृष्ठभाग तेवढा तापवायचा असतो. पेट्रोल आणि डिझेल गाडीतला हीटर इंजिनच्या कूलंटमधील, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवातील, उष्णता वापरतो, म्हणून इंजिन तापेपर्यंत त्यातून थंडच हवा येते. सीट मात्र एक-दोन मिनिटांत उबदार लागू लागते.

विजेवर चालणाऱ्या गाडीत हा फरक थेट पल्ल्यावर परिणाम करतो. अशा गाडीत तापलेले इंजिन नसते, त्यामुळे केबिन उबदार करण्यासाठी मुख्य बॅटरीचीच वीज खर्च होते. 3 किलोवॉटचा हीटर तासभर पूर्ण क्षमतेने चालला, तर 3 युनिट वीज जाते आणि एका युनिटमागे 7 किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा पल्ला सुमारे 20 किलोमीटरने घटतो. पुढच्या दोन्ही सीट तासभर तापवल्या तरी 0.13 युनिट लागते, म्हणजे एक किलोमीटरही पल्ला जात नाही. थंड प्रदेशात विजेची गाडी चालवणारे आधी सीट गरम करतात आणि केबिनचा हीटर बेताने वापरतात, ते याच हिशेबामुळे.

तापमान कसे राखले जाते

तार तापत राहिली, तर ती धोकादायक मर्यादेपर्यंत जाईल, म्हणून चटईतच तापमान मोजणारा एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. बहुतेक गाड्यांत तो थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढेल तसा त्याचा रोध कमी होतो. नियंत्रक हा रोध सतत मोजतो आणि ठरलेली मर्यादा आली की वीज तोडतो, सीट थोडी निवली की पुन्हा जोडतो. जुन्या रचनेत हे काम साधा थर्मोस्टॅट आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) करत. आताचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक वीज अतिशय वेगाने चालू-बंद करून सरासरी शक्ती कमी-जास्त करतात, आणि बटणावरचे एक, दोन, तीन दिवे त्या शक्तीच्या पायऱ्या दाखवतात. कित्येक गाड्यांत सर्वांत वरची पायरी निवडली, तरी काही मिनिटांनी नियंत्रक आपणहून खालच्या पायरीवर येतो. तो बिघाड समजू नये.

बटण आणि तार यांचा संबंध आता किती दुरावला आहे, हे बीएमडब्ल्यू कंपनीच्या एका निर्णयावरून जगाच्या लक्षात आले. 2022 साली या कंपनीने काही देशांत गाडीत आधीच बसवलेली सीटची ऊब मासिक शुल्क भरल्यावर सुरू करून देण्याची योजना आणली. ग्राहकांनी तीव्र नाराजी दाखवली आणि 2023 साली कंपनीने ती मागे घेतली. तार सीटमध्ये होतीच. परवानगी मात्र सॉफ्टवेअरकडे होती.

ही सोय तशी नवी नाही. अमेरिकेत कॅडिलॅकने ती 1966 च्या मॉडेलांत दिली. स्वीडनच्या साब कंपनीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ती आपल्या 99 या गाडीत चालकाच्या सीटला दिली, आणि तिथून ती थंड देशांतल्या सामान्य गाड्यांत रुळली.

आपल्याकडे ती केव्हा वापरावी

माझ्या मते ठाणे-नवी मुंबईतल्या माणसासाठी या सोयीचे खरे उपयोग तीन आहेत.

पहिला उपयोग प्रवासाचा. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, आणि पहाटे तिथून निघणाऱ्याला गार पडलेली लेदरची सीट चांगलीच जाणवते. गाडीने हिमाचलपर्यंत जाणारी कुटुंबेही आता पुष्कळ आहेत. मनालीच्या पुढे, 2020 साली खुला झालेला 9 किलोमीटर लांबीचा अटल बोगदा ओलांडून हिवाळ्यात लाहौलमध्ये उतरणाऱ्याला ही सीट किती कामाची आहे, हे निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा उपयोग पाठीचा, आणि तो आपल्या रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे. घोडबंदर रस्त्यावरून ऐरोली किंवा महापेच्या कार्यालयात जाणारा माणूस गायमुख किंवा माजिवड्याच्या कोंडीत एका जागी बसून राहतो. एसीचा गार झोत, क्लच दाबून आखडलेला पाय आणि न हललेली कंबर यांमुळे स्नायू ताठरतात. ताठरलेल्या स्नायूंना सौम्य शेक बरा वाटतो. अशा वेळी एसी नेहमीसारखा चालू ठेवून सीट सर्वांत खालच्या पायरीवर दहा-पंधरा मिनिटे ठेवावी आणि मग बंद करावी. काही गाड्यांत पाठ आणि बैठक यांची वेगळी निवड असते. तशी असेल, तर पाठच तेवढी गरम करावी. मात्र नुकताच मार लागलेला असेल, सूज असेल किंवा पायात मुंग्या येत असतील, तर शेक देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सीट म्हणजे उपचार नव्हे.

तिसरा उपयोग पावसाळ्यातला. छत्री मिटून आत बसेपर्यंत कपडे भिजतात, आणि काचेवरची वाफ घालवण्यासाठी एसी चालू ठेवावाच लागतो. ओल्या कपड्यांवर कोरडी, गार हवा आली की हुडहुडी भरते. अशा वेळी थोडा वेळ खालच्या पायरीवर सीट चालू केली तर आराम मिळतो आणि एसी बंद करून काच धूसर करण्याची पाळी येत नाही. इथे ओल कपड्यांची आणि वरवरची आहे असे गृहीत धरले आहे. सीटच भिजली असेल तर काय करावे, ते पुढे सांगितले आहे.

वापरण्याची पद्धत सोपी आहे. आधी इंजिन सुरू करावे, मग बटण दाबावे. खूप थंडी असेल, तर वरच्या पायरीवर तीन-चार मिनिटे ठेवून ऊब जाणवताच एक-दोन पायऱ्या खाली यावे, कारण अंगाला सवय झाली की वाढत्या उष्णतेचा अंदाज नीट येत नाही. इंजिन बंद ठेवून सीट तापवत बसू नये. दोन सीट मिळून सुमारे 10 अँपिअर घेतात. 45 अँपिअर-अवरच्या बॅटरीतून तासाभरात जवळपास पाव भाग वीज निघून जाते, आणि बॅटरी जुनी असेल, तर ती उतरून गाडी सुरू न होण्याची शक्यता असते. पुष्कळ गाड्यांत इंजिन बंद होताच सीटचा पुरवठाही बंद होतो, पण सगळ्यांत तसे असेलच असे धरून चालू नये.

भाजण्याचा धोका खरा आहे

हा भाग काळजीपूर्वक वाचावा. त्वचा भाजण्यासाठी फार मोठे तापमान लागत नाही. तापमान कमी असले, तर वेळ जास्त लागतो, एवढेच. 1947 साली अमेरिकेत मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या संशोधकांनी दाखवून दिले की 44 अंश सेल्सिअसचा स्पर्श सुमारे 6 तास टिकला, तर त्वचेला भाजल्याची इजा होते, आणि 49 अंशांना त्यासाठी दहा मिनिटेही पुरतात. निरोगी माणसाला असे तापमान सहन होत नाही आणि तो हलतो किंवा बटण बंद करतो. ज्याला ते जाणवतच नाही, त्याला मात्र इजा होते. मणक्याला दुखापत होऊन कमरेखालची संवेदना गेलेली माणसे, मधुमेहामुळे नसा बधिर झालेली माणसे, गुंगीची औषधे घेऊन झोपलेली माणसे, अतिवृद्ध व्यक्ती आणि सांगता न येणारी लहान मुले यांच्या सीटची ऊब बंदच ठेवावी. आई-वडिलांना रुग्णालयातून घरी आणताना त्यांना बरे वाटावे म्हणून कोणी हे बटण दाबेल, तर हेतू चांगला असूनही अपाय होऊ शकतो. ते पुढच्या सीटवर झोपी गेले असतील, तर चालकाने स्वतः ते बटण तपासावे.

दुसरी इजा सावकाश होते. रोज तासन् तास सौम्य उष्णता एकाच जागी लागत राहिली, तर मांडीच्या मागच्या बाजूला किंवा पाठीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी डाग उमटू शकतात. ते दिसताच सीट तापवणे थांबवावे आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. मूल होण्यासाठी प्रयत्न करणाऱ्या पुरुषांनी दीर्घकाळ गरम सीटवर बसणे टाळलेले बरे, कारण शुक्राणूंच्या निर्मितीसाठी शरीराच्या तापमानापेक्षा थोडे कमी तापमान लागते.

तारेची काळजी

सीट बिघडते ती बहुतेक वेळा बैठकीच्या चटईतली तार तुटून, आणि तार तुटते ती वजन एका बिंदूवर आल्यामुळे. मागच्या सीटवरचे सामान घेण्यासाठी पुढच्या सीटवर गुडघा टेकवणे, छतावरच्या कॅरिअरला दोरी बांधताना सीटवर पाय देऊन उभे राहणे, कोपरे टोकदार असलेले खोके बाजूच्या सीटवर ठेवणे, या सगळ्या सवयी टाळाव्यात. गुडघ्याखाली तार एका जागी इतकी वाकते की काही महिन्यांनी ती तुटते. आवरणात सेफ्टी पिन किंवा सुई टोचून कुशन अडकवणे तर पूर्णपणे चुकीचे आहे, कारण टोकाने तारेवरचे आवरण फाटले की तिथे शॉर्ट होऊ शकतो.

सीट कव्हरबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडे गाडी शोरूममधून निघते ती थेट कव्हर बसवायला जाते. सीट गरम होणारी असेल, तर जाड फोमचे कव्हर तिच्यावर घालू नये. उष्णता कव्हरखालीच कोंडते, अंगाला ऊब लागत नाही म्हणून माणूस पायरी वाढवतो, आणि आतल्या भागाला विनाकारण ताप सोसावा लागतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट एअरबॅगची आहे. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेतूनच बाहेर येते आणि घट्ट शिवलेले कव्हर तिला अडवू शकते. कव्हर घालायचेच असेल, तर गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी दिलेले, एअरबॅगच्या जागी मोकळे असलेले पातळ कव्हर निवडावे. लाकडी मण्यांची चटई, जाड गादी किंवा कांबळे सीटवर टाकून खालून सीट तापवणे हेही याच कारणाने टाळावे. रिकाम्या सीटवर लॅपटॉपची बॅग ठेवलेली असताना त्या सीटचे बटण चुकून चालू राहिलेले नाही ना, हेही पाहावे.

सीट भिजली तर

आपल्या भागात हा प्रसंग काल्पनिक नाही. मुसळधार पावसात आणि भरतीच्या वेळी ठाण्यात वंदना सिनेमागृहाच्या परिसरात पाणी तुंबते, आणि 26 जुलै 2005 च्या महापुरात किती गाड्या पाण्याखाली गेल्या, हे त्या पिढीने पाहिले आहे. पाणी पायदानाच्या गालिच्यापर्यंत आले, तरी सीटखालचे कनेक्टर भिजतात. ते बैठकीपर्यंत पोहोचले, तर फोम ते शोषून घेतो आणि आठवडाभर सोडत नाही. अशा गाडीत सीट वाळवण्यासाठी सीटचा हीटर कधीही चालू करू नये. गाडीतला 12 व्होल्टचा पुरवठा माणसाला धक्का देत नाही हे खरे, पण चिखलाच्या पाण्यामुळे कनेक्टरच्या पिना गंजतात, प्रवाह भलत्या मार्गाने जातो आणि जोड तापू लागतात. सीटखालीच एअरबॅग आणि सीटबेल्टच्या वायरिंगचे कनेक्टरही असतात. प्रथम बॅटरीची तार काढावी, मग गाडी अधिकृत सेवा केंद्रात न्यावी, सीट काढून फोम पूर्ण वाळवून घ्यावा आणि कनेक्टर साफ झाल्यावरच हीटरची चाचणी घ्यावी. खिडकी उघडी राहून सीट वरून भिजली असेल, तर कोरड्या कापडाने दाबून पाणी टिपावे, दारे उघडी ठेवून वारा लागू द्यावा आणि सीट आतपर्यंत सुकेपर्यंत बटणाला हात लावू नये.

सीट तापत नसेल तर

तपासणी नेहमी सोप्या गोष्टीपासून सुरू करावी. बटणावरचा दिवाच लागत नसेल, तर इंजिन चालू आहे का ते पाहावे आणि मग फ्यूज तपासावा. कोणता फ्यूज कुठे आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. उडालेल्या फ्यूजच्या जागी तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालावा. तोही उडाला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. तिथे मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे आहे. दिवा लागून काही सेकंदांत विझत असेल, तर नियंत्रकाला तार किंवा सेन्सर तुटल्याचे कळले आहे, असे समजावे. दिवा लागून राहतो पण ऊब येत नाही, अशा वेळी सीटखाली टॉर्च मारून पाहावे. तिथे ढकललेली छत्री किंवा पाण्याची बाटली कनेक्टर सैल करते, आणि सीट मागेपुढे सरकवताना वायर रुळात चेमटते.

इथे आपल्या हवामानाचा एक खास मुद्दा आहे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीची सीट आधीच तापलेली असते. अशा वेळी बटण दाबले, तर सेन्सरला ठरलेले तापमान गाठलेले दिसते आणि नियंत्रक वीज सोडतच नाही. दिवा लागतो, पण हीटर चालत नाही. हा बिघाड नाही. गाडी सावलीत आणून, एसीने सीट निववून मगच चाचणी घ्यावी.

मल्टिमीटर हाताळता येत असेल, तर पुढची पायरी घरी करता येते. इग्निशन बंद ठेवून सीटखालचा हीटरचा कनेक्टर ओळखावा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर एअरबॅगचे असतात. ते सोडवू नयेत आणि त्यांना मल्टिमीटरही लावू नये. हीटरच्या दोन टोकांत काही ओहम रोध दिसला, तर तार शाबूत आहे. अनंत रोध दिसला, तर ती तुटली आहे. रोध शून्याजवळ असेल, तर शॉर्ट आहे. मीटर लावलेला असतानाच सीट हाताने दाबून पाहावी. आकडा उड्या मारू लागला, तर तार अर्धवट तुटलेली आहे. थर्मिस्टरचा रोध पुष्कळ गाड्यांत 25 अंशांना 10 किलोओहम असतो आणि 35 अंशांच्या दुपारी तो साधारण साडेसहा किलोओहमपर्यंत उतरलेला दिसतो. नेमका आकडा गाडीच्या सेवा पुस्तिकेवरून घ्यावा. पाठ तापते आणि बैठक तापत नाही, असे असेल, तर दोन्ही चटया समांतर जोडलेल्या आहेत आणि बैठकीची तुटली आहे. काही गाड्यांत त्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. मग एक तुटली की दोन्ही बंद पडतात.

तुटलेली तार पिळून किंवा डाग देऊन जोडून घेऊ नये, कोणी स्वस्तात करून देतो म्हटले तरीही. जोडाच्या जागी रोध बदलतो, तो बिंदू इतरांपेक्षा जास्त तापतो आणि सेन्सर दुसरीकडे असल्यामुळे त्याला ते कळत नाही. चटई बदलणे हाच योग्य उपाय आहे. बसल्यावर एखाद्याच ठिकाणी चटका जाणवला किंवा जळका वास आला, तर तत्काळ बटण बंद करावे, फ्यूज काढून ठेवावा आणि तपासणी होईपर्यंत तो परत घालू नये. सीट उसवण्याचे काम अधिकृत सेवा केंद्रातच करून घ्यावे, कारण चालकाच्या शेजारच्या सीटमध्ये कोणी बसले आहे का हे ओळखणारा सेन्सरही असतो. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण करून देणारा इशारा अनिवार्य झाला आहे, आणि चटई चुकीची बसली, तर तो इशारा बिघडू शकतो.

बाहेरून बसवून घ्यावी का

कार्बन पट्ट्यांचे संच बाजारात मिळतात आणि ते कोणत्याही सीटमध्ये बसतात असे सांगितले जाते. ते बसवताना सीटचे आवरण उतरवावे लागते आणि एअरबॅगच्या वायरिंगजवळ काम करावे लागते. शिवाय वायरिंगला हात लागल्याने कंपनीची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. आपल्या हवेत वर्षातून थोडे दिवस मिळणाऱ्या उबेसाठी हे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हिमाचलच्या प्रवासापुरती गरज असेल, तर 12 व्होल्टच्या सॉकेटमध्ये लावायची, आपोआप बंद होणारी चांगल्या प्रतीची गादी पुरते. त्या सॉकेटची मर्यादा बहुधा 120 वॉटची असते, म्हणून एका सॉकेटवर स्प्लिटर (एका सॉकेटचे अनेक करणारा जोड) लावून दोन गाद्या आणि मोबाइल चार्जर एकत्र चालवू नयेत, आणि गाडीतून उतरताना प्लग काढून ठेवावा.

हवा खेळवणारी सीट

ठाणेकराच्या रोजच्या कामाची सीट ही. आवरणाच्या बारीक छिद्रांतून पंखा हवा फुंकतो किंवा आत ओढतो. बहुतेक गाड्यांत ही सीट स्वतः हवा थंड करत नाही. पाठीमागे अडकलेली दमट हवा हलवून ती घाम वाळायला मदत करते. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे 2.4 किलोज्यूल उष्णता अंगातून घेऊन जातो, पण हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळतच नाही. म्हणून दमट दिवशी आधी काचा उघडून तापलेली हवा बाहेर काढावी, मग एसी लावावा आणि केबिनमधली हवा कोरडी होऊ लागल्यावर सीटचा पंखा वाढवावा. एसी न लावता नुसता सीटचा पंखा चालवून जून महिन्यात फारसा फरक पडत नाही. अशा सीटवर पूर्ण झाकणारे कव्हर घातले, की ही सोय संपलीच. छिद्रांत लेदरचे पॉलिश ओतू नये. किंचित ओलसर कापडाने पुसावे आणि ब्रशच्या व्हॅक्यूमने धूळ काढावी.

दोन्ही सोयी असलेली जुनी गाडी विकत घेताना दोन्हींची चाचणी वेगवेगळी घ्यावी. विक्रेता दुपारी उन्हात गाडी दाखवत असेल, तर सकाळी लवकर किंवा सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पुन्हा बोलवावे. एसी लावून सीट गार करावी, हीटर सर्वांत वरच्या पायरीवर ठेवून बैठक आणि पाठ यांवरून तळहात सावकाश फिरवावा, ऊब सगळीकडे सारखी येते का ते पाहावे आणि दहा मिनिटांनी तापमान वाढत न राहता स्थिर झाले आहे याची खात्री करावी. मग सीटवर बसून, सीट मागेपुढे सरकवत तीच चाचणी पुन्हा घ्यावी, कारण अर्धवट तुटलेली तार रिकाम्या सीटमध्ये चालते आणि वजन पडल्यावर बंद पडते.